चिप टाकली आणि गिअर घसरायला लागला

सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाट लागला की चिप, म्हणजे ताकद वाढवायचा ट्यूनिंग बॉक्स, टाकलेली ऑटोमॅटिक डिझेल गाडी आपलं दुखणं दाखवते. तिसऱ्यावरून चौथा पडताना आरपीएमचा काटा २२०० वरून २७०० ला उसळतो, वेग तिथल्या तिथंच, आणि क्षणभरानं मागून कुणी ढकलल्यासारखा झटका बसतो. अशा गाडीचा गिअरबॉक्स लगेच खोलू देऊ नका. आधी हा ट्यूनिंग बॉक्स काढा.

बाजारातला साधा ट्यूनिंग बॉक्स कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबानं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो. समजा रेलमध्ये १२०० बार दाब आहे, तर तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ११०० सांगतो. ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, पिकअप येतो. पण इंजिनाच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, ईसीयूकडचा हिशेब जुनाच राहतो आणि तोच आकडा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला जातो. त्यावरूनच गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा किती तेलदाबानं आवळायच्या हे ठरतं. ३२० न्यूटन-मीटर धरून आवळलेल्या प्लेटांवर ४०० आले की त्या घसरणारच. घसरल्या की तापतात, तेल करपतं, त्याचा चिकट थर तेलाचा दाब वळवणाऱ्या सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीत बसतो. मग गिअर उशिरा पडतात. त्यात आपला मे महिना ४२-४३ अंशांचा, गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरला गार हवा मिळणार कुठून?

पेडलच्या वायरीत लावतात तो थ्रॉटल कंट्रोलर वेगळा. तो पाय थोडा दाबला तरी जास्त दाबल्याचं सांगतो, म्हणून गाडी सारखी खालच्या गिअरला येते. तो काढला की हा त्रास बहुधा थांबतो.

बॉक्स काढण्याआधी स्कॅनर लावून इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीचे बिघाडाचे कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोडणीचा) लॉकअप क्लच नीट धरत नाही. पी ०१९३ आला तर रेलच्या प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरकडे बघा. बॉक्सच्या क्लिपनं पिना सैल होतात, गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करते, आणि दोष उगाच गिअरबॉक्सवर येतो.

मग गिअरबॉक्सचं तेल. लाल असेल तर ठीक, काळपट आणि करपट वास येत असेल तर बदला. गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन खोलून त्यातला मॅग्नेट पुसा. बारीक राखाडी गाळ चालतो, धातूचे कपचे नाहीत. पॅनमधून निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून दोन-तीनदा बदलावं. पातळी कंपनीनं सांगितलेल्या तेलाच्या तापमानालाच तपासायची. फिल्टर पॅनमध्ये असेल तर तोही नवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती यानंतर. घसरण भरून काढायला कंट्रोलर दाब वाढवायला शिकलेला असतो. बॉक्स निघाला तरी ते शिकलेलं तसंच राहतं, गिअर धाडधाड पडतात, आणि मालक ‘काढल्यावर बिघडली’ म्हणून बॉक्स परत लावतो. कृपा करून असं करू नका. स्कॅनरनं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे हे शिकलेलं, रीसेट करा, मग तेल गरम झाल्यावर मोहोळच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायानं सगळे गिअर वर-खाली आठ-दहा वेळा पडू द्या.

एवढं करूनही घाटात काटा उसळला तर बहुधा प्लेटा जळल्या आहेत. मग गिअरबॉक्स उतरवा, आणि लॉकअप थरथरत असेल तर कन्व्हर्टरही त्याच वेळी करून घ्या. नाहीतर त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट पडते.