अपग्रेडनंतर स्क्रीनचा तमाशा: माझा अनुभव

लॅपटॉपवरच्या लिनक्सचं अपग्रेड विनातक्रार पार पडलं होतं. एकही पॅकेज अडलं नाही, रीबूटनंतर लॉगिन स्क्रीनही व्यवस्थित आली. वैताग सुरू झाला तो कामाला बसल्यावर. काही वाचत असताना मधूनच एक आडवी पट्टी सर्रकन स्क्रीनवरून जायची. शिवाय फाइल मॅनेजर, सेटिंग्ज अशा मोजक्या विंडोंमध्ये बटणांच्या नि अक्षरांच्या जागी रंगीत चौकोन उमटायचे. विंडो जरा लहान-मोठी केली की चौकोन गायब, स्क्रोल केलं की पुन्हा हजर. ब्राउझर मात्र ठणठणीत.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल कर, हा पहिला. त्याने रोग कळत नाही, फक्त दिवस जातो. दुसरा म्हणजे बूट करताना ‘नोमोडसेट’ लाव. हा पर्याय कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ग्राफिक्सचे मोड स्वतः लावू देत नाही. त्यामुळे ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि सगळं चित्र प्रोसेसरला काढावं लागतं. स्क्रीन पूर्ण काळीच राहत असेल तर आत शिरायला तो उपयोगी आहे, पण रोजच्या वापरात तसं मशीन चालवण्यात काही अर्थ नाही. तिसरा सल्ला, स्क्रीनवर विंडो दाखवणारी नवी यंत्रणा वेलँड सोडून जुन्या एक्स११ वर जा. त्याच्याकडे पुढे येतो, कारण तो अर्धवट लागू पडला आणि म्हणूनच जास्त फसवा होता.

आधी जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने चालू बूटचा कर्नल लॉग काढून चाळला. चिप अडकली, रीसेट करावी लागली अशा नोंदी असत्या तर दिशाच बदलली असती. तसलं काही नव्हतं. सिस्टिमच्या माहितीत रेंडररच्या, म्हणजे चित्र काढणाऱ्याच्या, जागी चिपचंच नाव दिसत होतं. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर चिप वापरातच नाही असं समजायचं.

खरी वाट सापडली ती साध्या स्क्रीनशॉटने. चौकोन दिसत असतानाच प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं, तर ते चित्रात जसेच्या तसे उतरले. पट्टीसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पट्टी डोळ्यांना स्पष्ट दिसली, रेकॉर्डिंगमध्ये तिचा पत्ता नाही. फोनच्या कॅमेऱ्याने केलेल्या व्हिडिओत मात्र ती सापडली. म्हणजे चौकोन चित्र काढतानाच तयार होत होते आणि पट्टी, चित्र बरोबर काढून झाल्यावर ते पॅनलपर्यंत पोचताना. रोग एक नव्हता, दोन होते. एकच औषध शोधत बसलो असतो तर हाती काही लागलं नसतं.

ताळा म्हणून बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर पट्टी नाही, चौकोन आहेत. मग मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला. बहुतेक डिस्ट्रो (लिनक्सचे तयार प्रकार) अपग्रेडनंतर आधीचा कर्नल ठेवतात, तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये मिळतो. जुन्या कर्नलवर पट्टी गेली, चौकोन तसेच. पट्टी कर्नलच्या बाजूची, चौकोन त्याच्या वरच्या थरातले, हे पक्कं झालं.

पट्टीचं वागणंही बोलकं होतं. व्हिडिओ चालू असताना ती कधीच यायची नाही. पान स्थिर ठेवून वाचलं आणि मग एखादं अक्षर टाइप केलं की हमखास. हे लक्षण ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’चं, म्हणजे पीएसआरचं. स्क्रीनवर काही हलत नसेल तर लॅपटॉपचं पॅनल स्वतःच्या मेमरीत ठेवलेली फ्रेमच दाखवत राहतं आणि चिपला विश्रांती मिळते. बॅटरी वाचते. काही हललं की चिपला पुन्हा सूत्रं हाती घ्यावी लागतात, आणि ही देवाणघेवाण एका ठेक्यात झाली नाही की झटका दिसतो. ही सोय लॅपटॉपच्या अंगच्या पॅनलची, म्हणूनच बाहेरच्या मॉनिटरवर काही दिसत नव्हतं.

खात्री करायला कोणतीही फाइल बदलावी लागली नाही. ग्रबमध्ये ‘ई’ दाबलं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी माझ्या चिपच्या ड्रायव्हरचा ‘पीएसआर बंद’ हा पर्याय लिहिला आणि एफ१० दाबून बूट केलं. असा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, त्यामुळे बिनधास्त करून बघावा. पट्टी बंद झाली. मग तोच पर्याय ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये टाकून ग्रब अपडेट केलं.

आता चौकोन. एक्स११ च्या सेशनमध्ये लॉगिन केलं तर ते खरंच नाहीसे झाले, आणि ‘बघ, वेलँडच वाईट’ म्हणायला रान मोकळं झालं. पण वेलँडवरही सगळी अ‍ॅप्स बिघडत नव्हती. बिघडणारी सगळी जीटीके ४ या, विंडो नि बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर बनलेली होती. जीटीकेच्या ४.१४ आवृत्तीत चित्र काढणारा रेंडरर बदलला, आणि २०२४ मध्येच आलेल्या ४.१६ पासून वेलँडवर व्हल्कन (ग्राफिक्स चिपकडून काम करून घ्यायची नवी पद्धत) वापरणारा रेंडरर डीफॉल्ट झाला. एक्स११ वर तसं नाही. म्हणजे सेशन बदलल्यावर खरं तर रेंडरर बदलत होता आणि श्रेय एक्स११ ला जात होतं. माझी चिप जुनी, तिचा व्हल्कन ड्रायव्हर कच्चा.

टर्मिनलमधून ‘जीएसके रेंडरर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘एनजीएल’ (व्हल्कनऐवजी जुनं ओपनजीएल वापरणारा रेंडरर) ही किंमत देऊन फाइल मॅनेजर उघडला. वेलँडवरच, आणि एकही चौकोन नाही. मग तीच ओळ होममधल्या कॉन्फिग फोल्डरात, ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’मधल्या एका फाइलमध्ये ठेवली आणि लॉगआउट करून परत आलो. कायमचं एक्स११ वर जाण्यात मला तसाही रस नव्हता. २०२५ च्या ग्नोम ४९ या डेस्कटॉपमध्ये एक्स११ चं सेशन डीफॉल्टने बंदच करून ठेवलं आहे.

दोन्हींचे बग रिपोर्ट वेगवेगळे टाकले. चौकोनांसोबत स्क्रीनशॉट, मेसाची (ज्यात व्हल्कनचे ड्रायव्हर असतात) नि जीटीकेची आवृत्ती. पट्टीसोबत फोनवरचा व्हिडिओ, दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या आणि कर्नल लॉग. एकत्र टाकले असते तर दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं.

नंतर मेसाचं अपडेट आलं तेव्हा रेंडररची ओळ काढून पाहिली, चौकोन परतले नाहीत. ती फाइल आता नाही. पीएसआरचा पर्याय अजून आहे आणि त्यापायी बॅटरी थोडी लवकर उतरते. नवा कर्नल आला की ग्रबमध्ये तो पर्याय एका बूटपुरता खोडतो, एखादं लांबलचक पान उघडून वाचत बसतो आणि मग एक अक्षर टाइप करतो. पट्टी अजून येते.