मूत्राशयात बीसीजी : माझा अनुभव

लघवी लाल झाली, पण दुखलंखुपलं काहीच नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून घरात धने-जिऱ्याचं पाणी सुरू झालं. रत्नागिरीत सोनोग्राफी केली, तेव्हा गाठ दिसली.

कोल्हापूरला दुर्बिणीतून ती खरवडून काढली. कॅन्सरच, पण स्नायूपर्यंत गेलेला नाही. परत उगवू नये म्हणून मूत्राशयात बीसीजी सोडायचं ठरलं. दंडावर वण उठवणारी तीच क्षयाविरुद्धची लस; जंतू अशक्त केलेले, पण जिवंत. ही म्हणाली, "अहो, एक रोग घालवायला दुसरा आत घालून घेणार?"

उत्तर भाचीनं दिलं. ती मायक्रोबायोलॉजी शिकते. "मामा, टी पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या नेहमीच्या पेशींना प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या पेशीनं तिच्या पृष्ठभागावरच्या एचएलए नावाच्या रेणूवर धरून दाखवावा लागतो. कॅन्सर पुष्कळदा एचएलएच लपवतो. गॅमा-डेल्टा नावाच्या वेगळ्या टी पेशींचं त्यावाचून अडत नाही." रक्तातल्या टी पेशींत त्या साधारण १ ते ५ टक्केच. बीसीजीचे जंतू जे फॉस्फेटयुक्त रेणू बनवतात, त्यांनी त्या चेततात आणि कॅन्सरवरही तुटून पडतात. उंदरांत या पेशी नसतील तर बीसीजीचा गुण कमी येतो. माणसात त्या एकट्या लढत नाहीत. नेहमीच्या टी पेशी, न्यूट्रोफिल आणि एनके या इतर पांढऱ्या पेशी, सगळेच धावून येतात. गंमत म्हणजे मोरालेस या डॉक्टरांनी १९७६ साली कॅनडात हा उपचार मांडला, तेव्हा गॅमा-डेल्टा पेशींचा शोधही लागला नव्हता.

सहा आठवडे, आठवड्याला एक डोस. आधी चार तास पाणी बंद. नळीतून औषध आत, नळी बाहेर, आणि मग दोन तास लघवी धरून बसायचं. दुसरा तास संपता संपत नाही! त्यानंतर सहा तास बसूनच लघवी करायची आणि भांड्यात ब्लीच टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबून फ्लश करायचं. एवढ्या जळजळीत एसटीनं आंबा घाट उतरायची हिंमत नव्हती, म्हणून मुक्काम मेहुणीकडे. तिच्याकडे जाताना विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर डॉक्टरांना विचारून पिशवीत घेतली. पाहुणा असा अहेर घेऊन आलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

रात्री अंग मोडून यायचं, कणकण असायची. दुसऱ्या दिवशी उतरायची. ताप चढाच राहिला तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, कारण क्वचित हे जंतू अंगात पसरतात. हे मला नर्सनं प्रत्येक वेळी बजावलं.

तीन महिन्यांनी दुर्बीण घातली, गाठ नव्हती. आता अधूनमधून देखभालीचे डोस असतात. त्यातला एक पावसाळ्यात येतोय, म्हणून आंब्यात दरड आली तर अणुस्कुऱ्याच्या घाटानं जायचं असं गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.