नर कुत्र्याची नसबंदी कधी करावी? आम्ही वेळ कशी ठरवली

नर पिल्लू घरी आलं की "सहा महिन्यांचा झाला की नसबंदी (म्हणजे वृषणं काढण्याचं ऑपरेशन) उरकून टाका" हा सल्ला हमखास मिळतो. त्यात तथ्य आहे. वयात येण्याआधी ऑपरेशन झालं तर नको असलेली पिल्लं जन्मत नाहीत, आणि लहान अंगात रक्तवाहिन्या बारीक असल्याने रक्तस्रावही कमी होतो. मोकाट किंवा आसरागृहातल्या कुत्र्यांसाठी हेच योग्य, कारण तो कुत्रा पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. घरात पट्ट्यावर वाढणाऱ्या नराला मात्र सहा महिन्यांचा नियम डोळे झाकून लावू नये. आमचा नर मिश्र जातीचा, पूर्ण वाढल्यावर पंचवीस किलोंच्या पुढे जाईल अशा हाडापेराचा. त्यामुळे पहिला प्रश्न हाडांचाच होता.

लांब हाडांच्या टोकांशी ग्रोथ प्लेट असतात. हाड तिथून वाढतं, आणि वयात आल्यावर लैंगिक संप्रेरकांच्या इशाऱ्याने त्या बंद होतात. वृषणं आधीच काढली तर बंद व्हायला उशीर लागतो आणि हाडं थोडी जास्त लांब होतात. फरक मिलिमीटरांचा असला तरी गुडघा आणि खुब्यातले कोन बदलतात आणि सांध्यावरचा भार वेगळ्या जागी पडतो. लहान जातींत ही वाढ साधारण आठ ते दहा महिन्यांत आटोपते, मध्यम अंगाच्यांत वर्षभरात, मोठ्यांत बारा ते अठरा महिन्यांत, आणि महाकाय जातींत त्याहीपुढे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या नोंदींवरून 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लहान जातींमध्ये लवकर नसबंदीमुळे सांध्यांचे आजार वाढल्याचं दिसलं नाही. गोल्डन रिट्रीव्हरच्या नरासाठी वर्ष उलटेपर्यंत, तर जर्मन शेफर्डसाठी जवळपास दोन वर्षं थांबावं असा सल्ला निघाला. लॅब्रॅडोरच्या नराला सहा महिन्यांनंतर चालेल असं म्हटलं. गंमत म्हणजे ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातीत सांध्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. म्हणजे नुसतं वजन बघूनही भागत नाही. मिश्र जातींबद्दल त्याच गटाचा निष्कर्ष असा की मोठेपणी 20 किलो किंवा जास्त भरणाऱ्या कुत्र्यांत वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचा धोका वाढतो. हे एकाच रुग्णालयाच्या नोंदींवरचं काम आहे, त्यामुळे त्याला काळ्या दगडावरची रेघ मानू नये. पण मिश्र जातीसाठी एवढा धागाही मी पुरेसा मानला आणि वर्षाच्या आत नाही हे पक्कं केलं.

वाढ थांबली का, हे घरीही बऱ्यापैकी कळतं. कुत्र्याला भिंतीला चिकटवून सपाट जमिनीवर उभं करायचं, खांद्याच्या उंचवट्यावर पट्टी आडवी ठेवायची आणि भिंतीवर खूण करायची. महिन्यातून एकदा, मान खाली नसताना. लागोपाठ दोन-तीन खुणा एकाच जागी आल्या की उंची थांबली. नक्की पाहायचं असेल तर गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये ग्रोथ प्लेट काळ्या रेघेसारखी दिसते आणि बंद झाल्यावर ती रेघ नाहीशी होते. केवळ तेवढ्यासाठी भूल देऊ नये. दुसऱ्या कारणाने एक्स-रे निघतच असेल तर डॉक्टरांना बघायला सांगावं.

हाडांच्याही आधी करायची तपासणी म्हणजे दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत ना. ती बहुधा दोन महिन्यांच्या आत उतरतात. पिल्लू शांत असताना, उभं ठेवून, ऊबदार हातांनी पोटाकडून अंडकोशाकडे बोटं सरकवत आणायची. गार हात किंवा घाबरलेलं पिल्लू असेल तर वृषण वर ओढलं जातं आणि उगाच घोर लागतो. सहा महिन्यांनंतरही एखादं हाती लागलं नाही तर ते जांघेत किंवा पोटात अडकलंय असं धरायचं. तिथल्या उष्णतेत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता खूप वाढते, ते पिळवटूही शकतं, आणि हा दोष पिल्लांत उतरतो. अशा नराची नसबंदी करायचीच आणि दोन्ही वृषणं काढायची. ऑपरेशनही मोठं असतं, कारण अडकलेलं वृषण जांघ किंवा पोट उघडून काढावं लागतं.

मग प्रश्न उरतो तो, नसबंदी कशासाठी करायची. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. माजावर आलेल्या मादीच्या वासाने पळून जाणं नसबंदीनंतर सगळ्यांत जास्त कमी होतं. घरात पाय वर करून खुणा करणं आणि अंगावर चढणं बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं, पण सवय मुरली असेल तर थोडंफार राहतंच. दुसऱ्या नरांशी भांडणं कधी कमी होतात, कधी नाही. पट्टा ओढणं, उड्या मारणं, घर कुरतडणं याचा वृषणांशी संबंध नाही. ते शिकवण्याचं काम आहे. आणि भीतीपोटी भुंकणारा, दबून मग चावणारा कुत्रा असेल तर घाई नकोच, अशा कुत्र्यात संप्रेरक गेल्यावर भित्रेपणा वाढल्याचंही दिसतं. आम्ही एका वहीत नोंद ठेवली: काय केलं, कुणासमोर, किती अंतरावर, आधी काय घडलं. अंगाचा पवित्रा लिहायला विसरू नका. कान मागे, शेपूट पोटाशी आणि वजन मागच्या पायांवर असेल तर ती गुर्मी नाही, भीती आहे.

इतकं करूनही शंका राहिली तर डेस्लोरेलिनचं इम्प्लांट, म्हणजे टेस्टोस्टेरॉन (नराचं संप्रेरक) तात्पुरतं थांबवणारी औषधाची बारीक कांडी, हा मधला मार्ग आहे. खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सुईने बसवतात, 4.7 मिलिग्रॅमचं साधारण सहा महिने चालतं. सुरुवातीचे काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि कुत्रा जास्तच चेकाळतो, त्यावरून निकाल लावू नये. नंतर जे वागणं दिसतं ते नसबंदीनंतरच्या वागण्याच्या जवळचं. पटलं नाही तर असर ओसरू द्यायचा.

आरोग्याच्या बाजूने नरासाठी घाई करण्याजोगं फारसं काही नाही. वृषणाची गाठ नसबंदीने टळते हे खरं, पण ती सहसा म्हातारपणी येते आणि बऱ्याचदा पसरण्याआधीच काढता येते. प्रोस्टेट फुगणं मात्र नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नरांत सर्रास दिसतं. नसबंदी केल्यावर ते आकसतं. प्रोस्टेटचा कॅन्सर नसबंदीने टळत नाही. नसबंदी केली नाही तर दर महिन्याला वृषणं चाचपून पाहायची, एक दुसऱ्यापेक्षा मोठं किंवा कडक लागलं की डॉक्टरांकडे.

ऑपरेशनआधी रक्त तपासून घ्यावं: पेशी, प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड. गोचीडतापाचा त्रास असलेल्या भागात प्लेटलेट नकळत उतरलेल्या असतात, आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. डोबरमॅनमध्ये रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष आढळतो, तो आधी विचारावा. चपट्या नाकाच्या जातींसाठी भुलीतून पूर्ण जागा होईपर्यंत श्वासाची नळी आणि लक्ष ठेवणारा माणूस आहे का, हे विचारायला लाजू नये. मोठ्या कुत्र्याचं खाणं आदल्या रात्रीनंतर बंद, पाणी सकाळपर्यंत. लहान पिल्लाला इतकं उपाशी ठेवत नाहीत, साखर उतरते.

नेहमीच्या पद्धतीत चीर अंडकोशाच्या जरा पुढे, मधोमध, एकच असते. दोन्ही वृषणं तिथूनच काढतात. घरी आल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यांत नाजूक. कुत्र्याला बरं वाटू लागतं, तो पळतो, आतली एखादी बारीक रक्तवाहिनी सुटते आणि रिकाम्या अंडकोशात रक्त साचून तो पुन्हा भरल्यासारखा दिसतो. थोडी सूज दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतेच. ती वाढत जाते, जांभळी आणि ताठ होते, थेंब थांबत नाहीत, वास किंवा पू येतो, टाक्यांत फट पडते, तर वाट पाहू नये. रोज एकाच प्रकाशात फोटो काढला की वाढ की उतार हे चटकन कळतं. गळ्यातला प्लास्टिकचा कोन (टाके चाटू न देणारा शंकू) दहा ते चौदा दिवस, रात्रीसुद्धा. टाका चाटून उसवायला त्याला दोन मिनिटं पुरतात. अंघोळ नाही, जिना नाही, फिरणं फक्त शी-शूपुरतं आणि पट्ट्यावर. माणसांचं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नये. डॉक्टरांनी दिलेलं कुत्र्याचं वेदनाशामकच, तेही पोटात अन्न असताना.

टाके निघाल्यावर लगेच तो निर्धोक होत नाही. वीर्यनळ्यांत उरलेले शुक्राणू काही आठवडे टिकतात, म्हणून महिना-दीड महिना माजावरच्या मादीपासून दूरच ठेवायचं. उत्तेजित झाल्यावर शिश्नाच्या मुळाशी दोन गोळे दिसले तर वृषणं राहिली असं समजून धावपळ करू नका. तो तिथला फुगणारा नैसर्गिक भाग आहे, थोड्या वेळात ओसरतो.

खाण्याकडे मात्र टाके निघण्याआधीपासून बघावं लागतं. शरीराला लागणारी ऊर्जा वीस-तीस टक्क्यांनी घटते आणि भूक उलट वाढते. आम्ही रोजचं खाणं मापाने मोजून पाचवा हिस्सा कमी केला आणि दर पंधरवड्याला वजन केलं. वजनापेक्षा फासळ्या चाचपणं सोपं पडतं: पालथा हात पसरल्यावर बोटांच्या सांध्यांवर जसं लागतं तशा फासळ्या लागल्या तर ठीक, मुठीच्या टोकांसारख्या टोचल्या तर हडकुळा, तळहाताकडून दाबल्यासारख्या बुडालेल्या लागल्या तर आणखी दहा टक्के कमी करायचं आणि बक्षिसाचे तुकडेही त्याच मापात धरायचे.