अनंत नको? मग ४पासून सुरू करा

गणितात अनंत नको म्हणणारे सगळे एकाच माळेचे मणी नाहीत. गाऊसने १८३१च्या पत्रात हरकत घेतली ती 'पूर्ण झालेल्या' अनंताला. मोजत राहण्याला नाही. ब्राउवरला खटकलं ते अनंत संचावर 'हे तरी खरं, नाहीतर याच्या उलट' हा नियम डोळे झाकून लावणं. येसेनिन-वोल्पिन यांना तर २चा शंभरावा घातसुद्धा सहजासहजी मान्य नव्हता.

खरी अडचण कागदावर कळते. गणितज्ञ गुडस्टाइनची (१९४४) कृती घ्या. ४ म्हणजे २चा २वा घात. प्रत्येक २च्या जागी ३ लिहा: ३चा ३वा घात, २७. त्यातून १ वजा, २६. इथे हमखास चूक होते ती घातांकातला २ तसाच ठेवण्याची. मग ९ येतात आणि पुढचं सगळं फुकट.

आता २६ = २×(३×३) + २×३ + २. तिनांचे चार करा, ४२. १ वजा, ४१. (गुणक २ला हात लावायचा नाही.) असाच दर पायरीला पाया एकाने वाढवा आणि १ वजा करा: पुढे ६०, ८३, १०९. ठाण्यात तलावपाळीच्या बाकावर बसून तासभर केलंत तरी आकडा फुगतच जाणार. ३पासून निघालात तर मात्र ३, ३, ३, २, १, ०, खेळ खलास.

४चाही शेवट शून्यच. पण लागणाऱ्या पायऱ्यांची संख्याच १२ कोटींहून जास्त अंकी आहे. एक अंक २ मिलिमीटरचा धरला, तर ठाण्याच्या माजिवड्याहून हायवेने निघालेली ती ओळ नाशिक मागे टाकेल. पायऱ्या नव्हेत हं, फक्त त्यांची संख्या लिहायला!

शून्य येणारच, हे कशावरून? पायाच्या जागी ओमेगा ठेवा, म्हणजे १, २, ३... या सगळ्यांच्या पुढचा पहिला अनंत. २६चं होतं ओमेगा-वर्गाची दुप्पट, अधिक ओमेगाची दुप्पट, अधिक २. ४१ला शेवटी १ उरतो, ६०ला काहीच नाही. आकडे चढतात, ही सावली मात्र दर पायरीला उतरते, आणि अशी उतरण कायम चालू राहू शकत नाही.

गणितज्ञ कर्बी आणि पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवलं की पेआनोची गृहीतकं (मोजायच्या संख्यांच्या गणिताचे मूळ नियम) सुसंगत असतील, तर 'कुठूनही निघा, शून्य येतंच' हे त्यांतून सिद्ध होत नाही. एकट्या ४साठी होतं, 'कुठूनही'साठी नाही. म्हणजे विधान निव्वळ सान्त (अनंत नसलेल्या) आकड्यांचं, आणि तरी नुसती मोजणी पुरत नाही.

यावर सान्तवाद्याचं, म्हणजे अनंत न मानणाऱ्याचं, उत्तर मला पोकळ वाटत नाही. तो म्हणतो, ओमेगा ही नुसती खूण आहे, दोन खुणांत लहान कोणती तेही मी सान्त नियमाने सांगेन. उतरण थांबतेच, एवढं मात्र तुम्ही न मोजता गृहीत धरलंत.