दोन हात, दोन साधे कॉर्ड

कार्यक्रम संपवून कीबोर्डच्या वायरी गुंडाळत असलो की कुणीतरी विचारतंच, "एवढे अवघड कॉर्ड पाठ कसे करता हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: पाठ करतच नाही. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर. त्यातले मेजर आणि मायनर, हे तीन सुरांचे दोन साधे प्रकार, एवढंच मला धड येतं, आणि हात दोन आहेत. दोन हातांत दोन साधे धरले की अवघड तयार.

करून बघा. पांढरी एकचा सा, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. डाव्या हातात सा ग प, साधा मेजर. उजव्यात ग प नी, म्हणजे पांढरी तीनचा मायनर. ग आणि प दोन्हीकडे आहेतच, नवा आला तो एकटा नी. झाला मेजर सेव्हन नावाचा कॉर्ड! आता उजव्यात प, कोमल नी आणि वरचा रे घ्या. या कॉर्डला नाइन्थ म्हणतात, माझ्या डोक्यात मात्र त्याचं नाव 'एकवर पाचचा मायनर', म्हणजे खाली पांढरी एक, वर पांढरी पाचचा मायनर. फक्त डावा हात फार खाली नेऊन तिन्ही सूर दाबू नका, नुसता गाळ होतो. खाली सा आणि कोमल नी, ग थोडा वर. प खुशाल गाळा, कुणाला पत्ता लागत नाही.

रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने 1911 च्या 'पेट्रुश्का' या बॅलेत पांढरी एकचा मेजर आणि काळी तीनचा मेजर एकदम वाजवलेत. एकाच्या तिन्ही पट्ट्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या तिन्ही काळ्या. ऐकायला भांडण, पण बोटांना किती सोपं!

मला सर्वांत आवडतो तो डावीकडे सा, ग, कोमल नी आणि उजवीकडे रे, तीव्र म, ध. लख्ख वाजतो. याच लाडापायी एकदा फजिती झाली. भावगीत चालू होतं, बाई ओळीच्या शेवटी शुद्ध मवर थांबल्या आणि मी नेमका हाच कॉर्ड दाबला. दोन म एकमेकांना खेटून. बाईंनी गाणं न थांबवता फक्त मान वळवून बघितलं. तबलजी खाली बघून हसत होता.

दुसऱ्या कडव्याला तीच जागा आली तेव्हा डाव्या हातातला ग सोडला, तोही शुद्ध 'म'ला टोचलाच असता. खाली नुसता सा, वर कोमल नी, रे, म. काळी पाचचा साधा मेजर. बाई मवर नेहमीपेक्षा जरा जास्तच रेंगाळल्या.