पुतणी सुमन

सुमारे चोवीस वर्षं मृत्युपत्रांची कामं करते आहे. त्यातली बरीच मृत्युपत्रं अशी, की करणाऱ्याने मलाच एक्झिक्युटर, म्हणजे ते मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती, नेमलेलं असतं. बाहेरच्यांना वाटतं, एक्झिक्युटर म्हणजे वाटप करणारा माणूस. वाटपाला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो यादी करण्यात, देणी फेडण्यात, आणि समोर बसलेला माणूस मृत्युपत्रातलाच आहे ना, याची खात्री करण्यात. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३६८ खाली ती भरपाई माझ्या खिशातून होते. म्हणून लोक घाई करतात तेव्हा मी कलम ३३७ दाखवते: मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप करायला एक्झिक्युटर बांधील नाही.

हे प्रकरण एका वाक्याचं. ठेवींचा चौथा हिस्सा ‘माझी पुतणी सुमन हिला’. बस. वडिलांचं नाव नाही, जन्मतारीख नाही, पत्ता नाही. (इथली सगळी नावं मी बदलली आहेत.) मसुदा दुसऱ्या एका वकिलाने केला होता. त्यांना फोन केला तर म्हणाले, “पक्षकाराने सांगितलं तसं टाइप केलं.” मला याचा मनापासून राग येतो. समोरचा माणूस जिवंत बसलेला असताना ‘सुमन म्हणजे कोण?’ एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? तो विचारला नाही, की त्याचं उत्तर मेलेल्या माणसाकडून काढायचं काम पुढच्याच्या गळ्यात पडतं.

मृत्युपत्र करणाऱ्या गृहस्थांना पुतणी एकच. धाकट्या भावाची मुलगी. तिचं नाव वसुधा. आणि सुमनही एकच. ती नात्यातली कुणीच नाही. दृष्टी गेल्यावर रोज संध्याकाळी येऊन त्यांना वर्तमानपत्र आणि जुनी पत्रं वाचून दाखवणारी शेजारची बाई. म्हणजे नातं एकीला लागू, नाव दुसरीला.

कलम ७६ म्हणतं, नावात किंवा वर्णनात चूक असली तरी रोख कुणावर आहे ते कळत असेल तर देणगी बुडत नाही. त्याखालची पहिली दोन उदाहरणं मला तोंडपाठ आहेत. ‘माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस याला.’ जॉनला थॉमस नावाचा मुलगाच नाही, दुसऱ्या मुलाचं नाव विल्यम, तर मिळतं विल्यमला. पण थॉमस हा पहिला मुलगा असेल आणि विल्यम दुसरा, तर मिळतं थॉमसला. पहिल्यात वर्णन जिंकतं, दुसऱ्यात नाव. माझी सुमन या दोन्हींत बसत नव्हती, कारण पहिल्यात थॉमस नावाचं कुणी समोर नव्हतं, आणि दुसऱ्यात थॉमस निदान जॉनचा मुलगा तरी होता.

त्या दिवशी सकाळी वसुधाताई आल्या. फाइल जाडजूड, प्रत्येक पानावर शिक्का. आधार, पॅन, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, विवाहाचं प्रमाणपत्र. कशातही सुमन नाही. “घरात मला सुमनच म्हणायचे,” त्या म्हणाल्या आणि दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं पुढे केली. दोन्ही मृत्यूनंतर केलेली, दोन्हींची भाषा एकच. मृत्युपत्र उघडल्यानंतर तयार झालेल्या कागदाला मी फार किंमत देत नाही. मला हवा असतो वाद उभा राहण्याआधीचा कागद: पत्राचा मायना, फोटोमागचं नाव, जुन्या वहीतली नोंद. असं काही आहे का, विचारलं. त्यांनी मान हलवली. काकांना भेटून अकरा वर्षं झाली होती, हे त्यांनी न विचारता सांगितलं आणि डोळे पुसले. त्या खोटं बोलत असाव्यात असंच मला तेव्हा वाटलं. हे लिहून ठेवते, कारण तो माझा ग्रह होता.

लोकांचा, आणि बँकांमधल्या लोकांचाही, एक समज मोडता मोडत नाही. ओळखपत्र दाखवलं की ओळख पटली. आधार कार्ड सांगतं की ही बाई वसुधा आहे. ‘सुमन’ म्हणताना त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोण होतं, हे कुठलंच कार्ड सांगत नाही. त्याच आठवड्यात एका बँकेतून मला विचारलं गेलं, “नॉमिनी कोण आहे ते बघा ना, तोच वारस.” नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ साली आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली सांगितलेलं आहे. तरी मी ते दर महिन्याला कुणाला तरी सांगत असते.

दुपारी मृत्युपत्रावर सही केलेले एक साक्षीदार भेटले. साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नसते. यांनी वाचलाही नव्हता. पण म्हणाले, “पुतणी म्हणजे ती रोज यायची तीच की! दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं, ही माझी पुतणी.” म्हणजे आता वर्णनही दोघींना लागू झालं. अशा वेळी कलम ८० बाहेरचा पुरावा पाहू देतं.

चार वाजता सुमनबाई आल्या. बोलावलं म्हणून आल्या, त्यांनी कसलाच दावा केला नव्हता. माझी पद्धत पक्की आहे. लाभार्थ्याला मृत्युपत्रातलं वाक्य आधी दाखवायचं नाही, ‘तुम्हीच का त्या?’ असं विचारायचं नाही. वाक्य कळलं की माणूस नकळत त्याच्या मापाचं बोलू लागतो. मी विचारलं, “ते तुम्हाला काय म्हणायचे?”

त्या हसल्या. “चष्मा.”

“म्हणजे?”

“पहिल्या दिवशी नाव विचारलं. सुमन म्हटलं तर गप्पच झाले. मग म्हणाले, ते नाव आमच्या घरात आहे, भावाच्या मुलीचं. तुला मी चष्मा म्हणेन. दार उघडलं की म्हणायचे, आला का माझा चष्मा!”

माझ्या ज्युनिअरचं पेन क्षणभर थांबलं. त्या बोलत राहिल्या. एक पत्र त्यांनी कितीतरी वेळा वाचून दाखवलं होतं, त्यात भावाने बाळाचं नाव कळवलं होतं. ते पत्र कुठे गेलं, त्यांना माहीत नव्हतं. जबाब लिहून झाला, त्यांनी वाचून सही केली, पिशवी उचलली आणि गेल्या. “मिटलं, मॅडम,” ज्युनिअर म्हणाला. स्वतःच्या नुकसानीचं बोलणं हा सगळ्यात वजनदार पुरावा. वसुधाताई खऱ्या ठरल्या होत्या.

रात्री झोप लागली नाही. दोन गोष्टी टोचत होत्या. एक, मृत्युपत्रात ‘चष्मा’ कोण लिहील? वकिलासमोर नाव सांगायची वेळ आली तर तिचं खरं नावच सांगावं लागणार, आणि नातं विचारलं तर दवाखान्यात सांगितलं तेच. म्हणजे तिच्या जबाबाने वसुधाताईंचं घरातलं नाव सिद्ध होतं. मृत्युपत्रातली सुमन कोण, हे त्याने ठरत नाही. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. कशाबद्दल बोलतो आहोत हे ठाऊक नसताना त्या बाईने एका हसऱ्या आठवणीत चौथा हिस्सा सोडून दिला, आणि तो मीच सोडायला लावला. पद्धत बरोबर होती. पुन्हा वेळ आली तरी मी तसंच विचारेन. पण सही घेण्यापूर्वी वाक्य दाखवता आलं असतं, ते मी दाखवलं नाही.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, आधीच मिळालेलं होतं. कलम ३०२ खाली उच्च न्यायालयाकडे मार्गदर्शन मागायचं ठरवलं. या एका वाक्याचा निकाल मी माझ्या टेबलावर लावणार नाही. अर्ज करण्यापूर्वी सुमनबाईंना पुन्हा बोलावलं. सगळं सांगितलं: वाक्य काय आहे, त्यांच्या जबाबाचा परिणाम काय होऊ शकतो, हवं तर त्यांनी स्वतःचा वकील द्यावा. मग मृत्युपत्राचं ते पान त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. प्रत्येक शब्द सुटा, थोडा वरच्या आवाजात, कमी ऐकू येणाऱ्याला वाचून दाखवावं तसं. ‘पुतणी’पाशी थांबल्या.

“हे कधी केलंय त्यांनी?”

मी तारीख सांगितली.

“तेव्हा मी रोज जात होते,” त्या म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. हे वाक्यही मी पुरवणी जबाबात जसंच्या तसं घेतलं.