मनात मोज

रविवारी दुपारी बूट पुसायला काढले, तर उजव्या बुटाच्या तळाला चिकटपट्टीचा तुकडा. पिवळसर, बोटाच्या पेराएवढा, त्यावर तेवढाच दुसरा आडवा. म्हणजे फुली. नखाने उचकटून काढली आणि कचऱ्यात टाकायला निघाले, तर मधल्या अंधाऱ्या बोळात ती हातातल्या हातात चमकली. हिरवी, काजव्यासारखी. तेव्हा कुठे माझ्याही डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी रात्री विद्यापीठाच्या रंगमंचावरून मी कुणाची तरी जागा उचलून घरी आणली होती.

भाची तिथे नृत्य विभागात शिकते. वर्षातून एकदा तिथली मुलं स्वतः बसवलेले नवे नाच दोन रात्री लोकांना दाखवतात, शुक्रवारी आणि शनिवारी. मी शुक्रवारची. कार्यक्रम संपला की घरची माणसं रंगमंचावर चढतात, मिठ्या मारतात, फोटो काढतात, आणि ‘बूट काढा, बूट काढा’ असं कळवळून ओरडणाऱ्या मुलाकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नाही. त्याचं काही चुकत नव्हतं. नाचासाठी वेगळी काळी विनाइलची जमीन अंथरतात. सतरंजीसारख्या गुंडाळ्या आणायच्या, उलगडायच्या, सांधे चिकटपट्टीने जोडायचे, प्रयोगाआधी पुसून घ्यायचं. तिला मार्ली म्हणतात. ते खरं तर एका इंग्लिश कंपनीचं नाव; कंपनीने ती जमीन बनवणं केव्हाच सोडलं, पण नाव जमिनीलाच चिकटलं ते चिकटलं. अशा काळ्या जमिनीवर, काळ्या पडद्यांमध्ये, दिवे गेल्यावर धावत येऊन नेमकं कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून या चमकत्या खुणा. आणि त्यातली एक माझ्या बुटाला.

म्हणजे शनिवारी कुणीतरी अंधारात आलं असणार, खाली बघितलं असणार, आणि फुली नाही. पोटात खड्डा पडतो तसं झालं. कारण अंधारात आपली जागा न सापडणं म्हणजे काय, याचा मला अनुभव आहे. जुना आहे, पण पक्का आहे.

मी नऊ वर्षांची होते. शाळेच्या कार्यक्रमात आमच्या वर्गाचा नाच होता आणि त्यात मी समुद्र होते. पूर्ण नाही, पाव. चौघी मिळून एक समुद्र. निळ्या कापडाची चार टोकं चौघींच्या हातात आणि आम्ही ती वर-खाली करायची, मग डावीकडे चार पावलं, मग उजवीकडे चार. पुढे नाचणाऱ्या मुलींना मासे वगैरे होता आलं होतं. आम्ही उंच मुली, म्हणून मागे पाणी. नाचाच्या बाई टाळ्या वाजवून मोजायच्या, आणि मीही मोजायचे. मोठ्याने. मला दुसरं काही येतच नव्हतं. तोंडातून आकडा बाहेर पडला की पाय उचलायचा, अशी माझी यंत्रणा. रंगीत तालमीत बाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, “मनात मोज गं! समुद्र कधी पाढे म्हणतो का?”

प्रयोगाच्या दिवशी मी ओठ घट्ट मिटले. ओठांबरोबर आकडेही आत कोंडले आणि दिसेनासे झाले. सगळ्या डावीकडे निघाल्या आणि मी उजवीकडे. समुद्राला पीळ बसला. निळ्या कापडाचा पार दोरखंड झाला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाची मुलगी गिरकी खात माझ्या नाकासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे हे एवढे. मला वाटलं, आता ही रडणार किंवा चिमटा काढणार. ती ओठ न हलवता म्हणाली, “सहा.” एवढंच. मग मला सात सापडला, आठ सापडला, आणि समुद्र पुन्हा सपाट झाला. मासे तोवर भलतीकडे पोहोचले होते, पण तो माशांचा प्रश्न.

तेव्हापासून नाच बघताना मी पाय बघत नाही, ओठ बघते. हे सांगायला थोडी लाज वाटते. शेजारची माणसं ‘काय वळण आहे’ म्हणून माना डोलावत असतात आणि मी दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या मुलाच्या हनुवटीवर डोळे लावून बसलेली असते, याचा ‘पाच-सहा-सात-आठ’ दिसतो का म्हणून. मोठ्या, मुरलेल्या नर्तकांचं काही दिसत नाही. त्यांचं मोजणं कुठेतरी बरगड्यांत उतरलेलं असतं. विद्यार्थ्यांचं दिसतं. म्हणूनच मला विद्यार्थ्यांचे नाच आवडतात. एका कोपऱ्यातली खुर्ची धरायची, म्हणजे समोरच्या विंगेतलंही थोडं दिसतं. तिथे कुणी गुडघ्याला पट्टी बांधतंय, कुणी मागून हूक लावून घेतंय, कुणी डोळे मिटून नुसत्या बोटांनी अख्खा नाच करून बघतंय. त्याला ती मुलं मार्किंग म्हणतात. शरीर राखून ठेवायचं आणि हातांनी फक्त आठवण काढायची. रंगमंचावर जे चालू असतं त्याहून ते दृश्य कधीकधी सरस असतं.

शुक्रवारी नऊ नाच होते. कागदावर प्रत्येक नाचाखाली दोन-चार ओळींचं टिपण, त्यात ‘शोध’, ‘अवकाश’ आणि ‘स्मृती’ हे शब्द आलटून पालटून. क्रमाला काही कलात्मक अर्थ असेल असं मला आधी वाटायचं. भाचीने सांगितलं की क्रम कपड्यांवरून ठरतो. एकच मुलगी चार जणांच्या नाचांत असते, तिला घामेजलेला निळा झगा सोलून काढून राखाडी विजार चढवायला वेळ मिळायला हवा. म्हणून मध्ये एक असा नाच घालायचा ज्यात ती नाही. ते ऐकल्यापासून मी त्या मुलीला हेरून ठेवते. पहिल्या नाचात ती वारा असते, तिसऱ्यात कुणाची तरी आई, सहाव्यात शहर. नवव्यापर्यंत तिचे केस सुटलेले असतात आणि ती काहीच नसते, नुसती दमलेली असते. तेव्हा ती सगळ्यात छान नाचते.

नवांपैकी पाच नाच कुणीतरी जमिनीवर पडलेलं असताना सुरू झाले. मंद दिवा, एक हात हळूच उचलला जातोय, मागे पियानोचा एकेक थेंब. हा दोष मुलांचा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच’डब्लर नावाच्या बाई होत्या. शिक्षण जीवशास्त्राचं, नोकरी मुलींना खेळ आणि व्यायाम शिकवण्याची. शरीराला आधी गुरुत्वाकर्षणाच्या कटकटीतून सोडवावं, म्हणून त्या मुलींना जमिनीवर आडवं करून हालचाल शिकवायच्या. वर्गात हाडांचा सापळाही असायचा. त्यांच्याच खटपटीतून १९२६ साली तिथे नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हापासून विद्यापीठांतली मुलं जी जमिनीवर आडवी झाली आहेत, ती अजून पुरती उठलेली नाहीत.

लांबीबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. डोरिस हम्फ्रींसारख्या जाणत्या बाईंनी नाच बसवणाऱ्यांसाठी नियम लिहिताना सरळ म्हणून ठेवलंय की सगळेच नाच गरजेपेक्षा लांब असतात. ‘सगळेच’ म्हटल्यावर त्यात स्वतःचेही आले, हा मोठेपणा. आणि नऊ नाच म्हणजे काहीच नाही. ६ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये रॉबर्ट डन यांच्या रचनेच्या वर्गातल्या मुलांनी आपापले नाच दाखवले होते. १४ जणांचे २३ नाच, तीनेक तास, ऐन उन्हाळ्यात. हे डन मास्तर स्वतः संगीतातले, नाचाच्या वर्गांना साथ करणारे. मुलांनी काही करून दाखवलं की ‘चांगलं’, ‘वाईट’ म्हणण्याऐवजी ‘हे कसं केलंत?’ एवढंच विचारायचे म्हणे. त्या रात्रीपासून नाचाचा इतिहास वळला असं आता सगळे सांगतात. त्या रात्री मात्र तिसऱ्या तासाला कुणाची तरी मावशी पंख्यासारखा कागद हलवत बसली असेलच.

भाचीचा नाच सातवा. दोन मुली. सुरुवातीला खूप धावपळ, उड्या, एकमेकींना झेलणं. पायांचा जमिनीवर होणारा तो ओला चर्र आवाज आणि मोठ्याने टाकलेले श्वास, जे चित्रफितीत कधी येत नाहीत. आणि मग संगीत एकदम थांबलं. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अगदी स्तब्ध. मी सवयीने ओठ बघितले. मिटलेले. हनुवटी स्थिर. काही नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, वीस. मला वाटलं, संपला. आणि वाटलं, अरे, कुणीच कसं टाळी वाजवत नाही? पोरीने इतके महिने खपून नाच बसवला आणि हे लोक नुसते बघत बसलेत. आपल्या माणसासाठी आपण नाही तर कोण?

मी टाळी वाजवली. कडकडून. माझ्यामागून आणखी तिघाचौघांनी, आणि मग ती टाळी, पाण्यात पाय घालून दचकून मागे घ्यावा तशी, मागे फिरली. कारण दोघी हलल्या नव्हत्या आणि दिवे गेले नव्हते. थोड्या वेळाने त्या पुन्हा धावू लागल्या आणि नाच आणखी दोन मिनिटं चालला.

त्या दोन मिनिटांत मला लुई हॉर्स्ट आठवले. १९५७ साली पॉल टेलर नावाच्या तरुण नर्तकाने न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम केला. त्यातल्या एका नाचात तो नुसता उभा आणि एक बाई नुसती बसलेली, शेवटपर्यंत कुणी हललंच नाही. हॉर्स्ट पियानोवादक, नाचाची रचना शिकवणारे नामांकित कडक मास्तर, आणि ‘डान्स ऑब्झर्व्हर’चे संपादक. त्यांनी कार्यक्रमाचं परीक्षण छापलं ते असं: वर नर्तकाचं नाव, ठिकाण, तारीख, खाली कोरी जागा, आणि शेवटी त्यांची आद्याक्षरं. टेलर पुढे केवढे मोठे झाले आणि ती कोरी जागाही त्यांच्याबरोबर अमर झाली. मला आजवर या गोष्टीत हॉर्स्ट खाष्ट वाटायचे. शुक्रवारी वाटलं, निदान ते घरी जाईपर्यंत थांबले.

रंगमंचावर भाचीला मिठी मारली तर ती कानात म्हणाली, “मावशी, कुणीतरी मध्येच टाळी वाजवली. सहाव्या आठातल्या तीनला.”

“म्हणजे?”

“आठ काउंटचे आठ. चौसष्ट मोजून दोघींनी एकदम निघायचं. एकमेकी दिसत नाहीत ना, पाठमोऱ्या. हिचा आकडा गेला टाळीने.” शेजारी ती दुसरी मुलगी उभी होती, अजून धापा टाकत.

“मग कशा गं निघालात बरोबर?”

“हिने श्वास घेतला तो माझ्या पाठीला लागला,” ती मुलगी म्हणाली, “तेव्हा कळलं, चौसष्ट.”

“लोकांना ना, काही कळत नाही,” मी म्हणाले. हे वाक्य मी म्हणाले, याची नोंद असावी.

तर रविवारी ती फुली तळहातावर घेऊन मी फोन लावला. एक तरी गुन्हा कबूल करावा.

“अगं, तुमची एक चमकणारी फुली माझ्या बुटाला चिकटून आलीय. काल कुणाची पंचाईत तर नाही ना झाली?”

“चमकणारी? आमच्यात कुणी लावल्याच नव्हत्या. तू पुढून चढलीस ना? मग ती कडेच्या लाकडावरची. आधीच्या नाटकवाल्यांची असणार. खुर्ची ठेवायची असेल त्यांना. टाकून दे.”

म्हणजे तीन तास मी ज्या अंधारात धडपडणाऱ्या मुलीसाठी हळहळत होते, ती एक खुर्ची होती. आणि तीही कधीच उचलून नेलेली. मला इतकं हलकं वाटलं की त्या भरात दुसरंही सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. त्याऐवजी विचारलं, “काल कसा झाला?”

“काल ना, कुणीच टाळी वाजवली नाही.”

“मध्ये ना? बरं झालं.”

“शेवटीसुद्धा. दिवे गेले, तरी शांतता. आम्ही अंधारात उभ्या. कुणीतरी खोकलं. पुन्हा दिवे आले तेव्हा कुठे लोकांना कळलं.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू कालही यायला हवं होतंस, मावशी.”

मी फोन ठेवला. डावा बूट पुसायचा राहिला होता.